शेजारच्या मागाची खूण

"मी काहीच केलं नाही" हे वाक्य मला दिवसातून दोनदा तरी ऐकायला मिळतं. सोलापुरात मी घरोघरी जाऊन संगणक दुरुस्त करते. दार उघडलं की पाणी विचारायच्या आधी लोक हे वाक्य सांगून मोकळे होतात. कीबोर्डात भाताची शितं सापडतात, वायर उंदरानं नाहीतर नातवानं कुरतडलेली असते, पण केलेलं कुणीच काही नसतं. दुसरं वाक्य येतं ते माझ्या खांद्यावरची पिशवी बघून. "सर मागनं येतायत का?" हे सर कोण, ते मला इतक्या वर्षांत कधी भेटले नाहीत. भेटले तर त्यांना चार शब्द सुनवायचे आहेत.

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं जे घडलं त्यात त्याचा वाटा मोठा आहे. बिघाड सापडेपर्यंत मला कुणी शेजारी बोललेलं चालत नाही, डोक्यावरचा पंखा कुरकुरला तरी खटकतं. एकदा बिघाड सापडला की मी एकदम गोड होते, चहासुद्धा दोनदा घेते. नवरा म्हणतो, तू गिऱ्हाइकाकडं दुरुस्तीला जातेस की पोलीस चौकशीला, तेच कळत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलातली गोष्ट. दुपारी एकच्या सुमाराला पूर्व भागातून एका काकूंचा फोन आला. त्यांच्याकडं मी आधी एकदा जाऊन आले होते. घर तेलुगू विणकरांचं. काका संगणकावर चादरींची नक्षी काढायचे आणि घराला लागूनच असलेल्या कारखान्यात, स्वतःच्या चार मागांवर, ती विणून घ्यायचे. तेव्हा काकांनी माझ्याशेजारी बसून मला अर्धा तास मोराच्या पिसाऱ्यात किती धागे बसतात ते सांगितलं होतं, आणि मी तोंडदेखलं हं हं केलं होतं.

"ताई, ते इंटरनेटचं ब्राउझर उघडंना झालंय," काकू म्हणाल्या. "दाबलं तर काईच होईना. चारच्या आत व्हायलाच पायजे बगा."

"चारला काय आहे?"

काकूंनी सांगितलं. फेब्रुवारीत काकांना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पुण्याला लेक असते, तिनं तिथल्या एक स्पीच थेरपीच्या मॅडम ठरवून दिल्या होत्या. मॅडम व्हिडिओवरून समोर यायच्या, चित्रं दाखवायच्या, आणि विचारतील त्या चित्राकडं काकांनी बोट दाखवायचं. दोन वेळा मोबाइलवर करून बघितलं. त्या वीतभर पडद्याकडं बघून काकांनी दोन्ही वेळा तोंड फिरवलं. आज मोठ्या पडद्यावर शेवटचं बघायचं ठरलं होतं.

"आज बी त्यांनी काई दाद न्हाई दिली तर थांबवू म्हणल्यात मॅडम," काकू म्हणाल्या. "लेकीचं बी तेच म्हणणं हाय. त्यान्ला काई कळत असंल तर पुढं करायचं. न्हाईतर उगं तरास कशाला द्यायचा त्यान्ला."

मी जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं आणि स्कूटी काढली.

पूर्व भागात गल्लीत शिरलं की आधी कानाला कळतं आपण कुठं आलो ते. दोन्ही अंगाला यंत्रमागांची खडखड असते, सकाळी सुरू होते ती दुपारची सुट्टी सोडली तर दिवसभर थांबत नाही. काकांच्या दारात मात्र शांत होतं. कारखान्याच्या लोखंडी दाराला कुलूप होतं. बाहेरच्या खोलीत संगणक, भिंतीवर देवांच्या तसबिरी, कोपऱ्यात नक्षीच्या आलेख कागदांच्या गुंडाळ्या. काका हाताच्या खुर्चीत बसले होते. उजव्या अंगाला उशी लावलेली, चष्मा पडू नये म्हणून दोरीनं बांधलेला, दाढी गुळगुळीत केलेली. चारच्या भेटीसाठी काकूंनी त्यांना इस्त्रीचा सदरा घातला होता.

मी नमस्कार केला. त्यांनी डावा हात थोडा उचलला. आणि मग मी काकूंकडं वळले आणि त्यांच्याविषयी काकूंनाच विचारू लागले. जेवण जातं का, झोप लागते का. ते आमच्या दोघींच्या मधोमध बसलेले होते. याची मला आज लाज वाटते, तेव्हा वाटली नाही. आजाऱ्याच्या घरी असंच विचारायची पद्धत असते.

"काई कळत न्हाई ओ त्यान्ला आता," काकू त्यांचं तोंड पदरानं पुसत म्हणाल्या. "आधी आधी कायबी इचारलं की मान हलवायचे. चहा पायजे का, हलवायचे. नको का, तरी हलवायचे. मग आमी इचारायचंच सोडलं." हे बोलताना त्यांच्या हातात एवढी माया होती, की बोलण्याकडं माझं लक्षच गेलं नाही.

मी कामाला बसले. ब्राउझरच्या चित्रावर दोनदा क्लिक केलं. माउसच्या बाणाशेजारी गोल फिरल्यासारखं झालं आणि थांबलं. पडद्यावर काहीही आलं नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कुठले प्रोग्रॅम चालू आहेत त्याची यादी उघडली, तर त्यात ब्राउझर चालू दिसत होता. चालू आहे म्हणतो आणि तोंड दाखवत नाही. मी तो यादीतून बंद केला, संगणक बंद करून पुन्हा लावला, क्लिक केलं. यादीत हजर, पडद्यावर गैरहजर. अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करून बघितला. ब्राउझर काढून नव्यानं टाकला. जोडीला दुसरा एक ब्राउझर होता, तोही तसाच वागला.

खरं तर इथंच मला कळायला हवं होतं. दोन वेगवेगळे ब्राउझर एकाच दिवशी एकाच तऱ्हेनं बिघडत नसतात. दुसरी एक गोष्टही मी पाहिली आणि सोडून दिली. माउसचा बाण उजव्या कडेला नेला की तो पडद्यावरून नाहीसाच व्हायचा, मग बराच वेळ हात हलवला की परत यायचा. मला वाटलं माउस गेला. मी तो टेबलावर दोनदा आपटला.

"अं," काका म्हणाले. "अं. अं."

मी वळून बघितलं. त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं उभी केली होती आणि मनगट खांद्यावरून मागं वळवलं. हात खाली आला, पुन्हा वर गेला. दोन बोटं, मनगट मागं.

"नीळ्ळु कावाला?" काकूंनी तेलुगूत विचारलं, आणि पाण्याचा पेला आणला. काकांनी तोंड बाजूला केलं. पाणी सदऱ्यावर सांडलं. काकूंनी ते पुसलं, मग मोरीकडं जायचंय का विचारलं, मग पंखा वाढवला. काकांचा हात चालूच.

"हात असाच वळवळतोय त्यांचा," काकू मला म्हणाल्या. "अधनंमधनं करत्यात. आज सकाळपासनं लईच करायलेत. मी ते उघडून बगायला बसले तवापासनं."

हेसुद्धा मी ऐकलं आणि सोडून दिलं. अडीच वाजून गेले होते. एकच मोठा मार्ग उरला होता, ब्राउझरमधलं सगळं जुनं पुसून कोरं करायचं. पण लेकीनं फोनवर बजावलं होतं, नान्नांचं, म्हणजे वडिलांचं, काही पुसू नका. व्यापाऱ्यांनी पाठवलेले फोटो, मेल, जुनी नक्षी, सगळं त्यात उघडायचं आणि पासवर्ड एकट्या काकांना ठाऊक. माझा लॅपटॉप आणून काम भागलं असतं, पण तो घरी उघडा पडला होता, त्याची बिजागरी तुटून दोन महिने झाले होते. दुसऱ्यांची दुरुस्त करणाऱ्यांच्या स्वतःच्या वस्तू अशाच असतात.

काका आता खुर्चीच्या हातावर बोटांनी ठोकू लागले. टक टक, मग दोन बोटं, मग टक टक. माझं डोकं तडकलं.

"काकू, त्यांना जरा आत नेता का?" मी म्हणाले. "मला लक्ष लागंना झालंय."

काकूंनी लगेच खुर्ची ओढली. त्या खुर्चीला चाकं नव्हती, फरशीवर ती करकरत गेली. आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी काकांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला ती नजर रागाची वाटली. आजारी माणसाला राग येतोच, असं म्हणून मी पुन्हा पडद्याकडं वळले.

पुढचा अर्धा तास मी काय काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. जे ठाऊक होतं ते सगळं दोनदा केलं. सव्वातीनला मी हात मांडीत घेऊन बसले. ही मशीन आज मला हरवणार हे मला कळून चुकलं होतं. एरवी मी अशा वेळी सांगते, ठेवून जाते, उद्या बघते. पण इथं उद्या नव्हता. चार वाजता पुण्याच्या मॅडम समोर येणार, इकडं कुणी दिसणार नाही, आणि ज्या माणसाला काही कळतं की नाही हे ठरायचं होतं त्याच्याविषयी न बघताच ठरून जाणार. माझ्यामुळं. मला रडू यायला लागलं, ते रागाचं की कसलं ते माहीत नाही.

शेजारच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी संपली असावी. माग एकामागून एक सुरू झाले आणि भिंतीतून खडखड येऊ लागली. आतल्या दारातून काका दिसत होते. काकूंनी त्यांना माझ्याकडं तोंड करून बसवलं होतं. त्या आवाजात त्यांचं अं अं ऐकू येत नव्हतं. नुसता हात दिसत होता. दोन बोटं वर, मनगट खांद्यावरून मागं.

आवाज नुसता असता तर मला काही आठवलं नसतं, हात नुसता असता तर तो मी दुपारभर बघतच होते. दोन्ही एकदम आलं आणि मला माझे वडील दिसले.

माझे वडील मिलमध्ये विणकर होते. कापडखात्यात शेकडो माग एकदम चालायचे, तिथं माणसाचं बोलणं माणसाला ऐकू यायचं नाही. म्हणून तिथले सगळे हातांनी बोलायचे. धागा, कांडी, पाणी, साहेब आला, सुट्टी झाली, सगळ्याला खुणा. एकेका विणकराकडं समोरासमोर दोन माग. तो एकाकडं तोंड करून उभा राहिला की दुसरा पाठीशी. तो पाठीशी असलेला बंद पडला की पलीकडचा माणूस दोन बोटं दाखवायचा आणि मनगट खांद्यावरून मागं वळवायचा. दुसऱ्याकडं बघ, तुझ्या पाठीमागं आहे. वडिलांचे कान त्या खात्यात गेले आणि खुणा घरी आल्या. जेवताना मीठ पाहिजे तर खूण, दिवा लाव म्हणायला खूण. आईशी भांडण झालं की रात्रीच्या आत ते एक ठरलेली खूण करायचे, अंगठ्यावर तर्जनी चोळायची. तुटलेला धागा दोन बोटांत असाच पीळ देऊन जोडतात. जोडून घे आणि माग चालू कर, असा त्याचा अर्थ. आई फणकारायची, पण हसायची.

मी सातवीत असताना ते एकदा माझा विसरलेला डबा घेऊन शाळेत आले. मी मैदानावर मैत्रिणींत होते, पाठमोरी. त्यांनी फाटकातून त्या मुलींना दोन बोटं दाखवली आणि मनगट मागं वळवलं, म्हणजे तिला सांगा मागं बघ. मुलींना काय कळणार. त्या हसल्या, त्यांनी तसंच करून दाखवलं, आणि आठवडाभर करत राहिल्या. मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं, पुन्हा शाळेत येऊ नका. त्यांना ऐकू आलं नसेल, पण माझं तोंड त्यांना दिसलं. रात्री ताटावर त्यांनी माझ्याकडं बघून अंगठ्यावर बोट चोळलं. मी खाली बघून जेवत राहिले. त्यानंतर ते शाळेत आले नाहीत, आणि मी त्या खुणा मनातून काढून टाकल्या. शेवटी शेवटी त्यांना काहीच ऐकू येईना तेव्हासुद्धा मी त्यांच्याशी ओरडूनच बोलायचे. हात वापरले असते तर दोघांचा घसा वाचला असता. ते मला कधी सुचलं नाही, किंवा सुचलं तरी केलं नाही.

काकांनीही आयुष्य मागांच्या अशाच आवाजात काढलं होतं. मी खुर्चीतून मागं वळले. पाठीशी भिंत होती. भिंतीत जमिनीलगत एक भोक होतं आणि संगणकाच्या लाकडी कपाटामागून निघालेली एक काळी जाड वायर त्या भोकातून पलीकडं गेली होती. कपाट मी ओढूनच बघितलं नव्हतं. ओढलं. संगणकाच्या डब्याला पडद्याच्या दोन वायरी होत्या. एक माझ्यासमोरच्या पडद्याची. दुसरी भिंतीपलीकडची.

"काकू, कारखान्याची किल्ली द्या."

"तितं काय हाय? दोन महिने बंद हाय की ते."

"द्या तर खरं."

कुलूप घट्ट झालं होतं. आत कोंदट वास आणि कापसाची धूळ. चार माग जागच्या जागी उभे, एकावर अर्धी चादर तशीच. भिंतीवर मागांच्या समोर एक पडदा टांगलेला होता, त्यावर धूळ बसू नये म्हणून मोठा टॉवेल टाकलेला. टॉवेलच्या कडांमधून उजेड येत होता.

मी टॉवेल ओढला. ब्राउझर उघडा होता. एक नाही, एकावर एक, संगणक शेवटचा सुरू केल्यापासून मी उघडलेले सगळे. मी इकडं क्लिक करत होते आणि तो बिचारा दर वेळी मुकाट्यानं पलीकडच्या बंद खोलीत टॉवेलखाली उघडत होता. तिकडं उजव्या कडेला गेलेला माउसचा बाणही इथंच फिरत असणार. काकांची कामाची रीतच ती होती. आपल्यासमोरच्या पडद्यावर नक्षी काढायची, आणि व्यापाऱ्यानं पाठवलेला फोटो, एखाद्या फुलाचं चित्र, जे काही ब्राउझरमध्ये उघडायचं ते कारखान्यातल्या पडद्यावर ठेवायचं, म्हणजे विणकराला मागावरून मान वर केली की दिसेल. ब्राउझर शेवटचा जिथं होता तिथंच पुन्हा उघडत होता. बिघाड कशातच नव्हता.

मी आत गेले आणि काकांच्या समोर फरशीवर बसले. मूठ आवळून मी बाजूला सरकवली, मागाचा दांडा सरकवतात तशी. माग चालू झाला, याची वडिलांची खूण. चाळीस वर्षांत पहिल्यांदा केली.

काका हलले नाहीत. माझ्या मुठीकडं बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दोरीनं बांधलेल्या चष्म्याच्या काचेखालून गालावर उतरलं. मी माफी मागितली. त्यांनी डावा हात नुसता झटकला, राहू दे म्हणतात तसा. कामाचं बघ, वेळ चाललाय. तेवढं मला कुठल्याही खुणेशिवाय कळलं.

पलीकडच्या पडद्यावरची खिडकी अलीकडं आणायला कीबोर्डच्या तीन कळा पुरतात. दोन तासांचं काम दोन सेकंदांत झालं. काकांना पुन्हा बाहेर आणून संगणकासमोर बसवलं. काकू सदऱ्यावरचा पाण्याचा डाग हातानं झाकायला बघत होत्या.

बरोब्बर चारला पुण्याच्या मॅडम आल्या, लेकही वरच्या कोपऱ्यात छोट्या चौकोनात होती. मॅडमनी चार चित्रं दाखवली. कप कुठला? काकांनी कपाकडं बोट दाखवलं. कंगवा? कंगव्याकडं. मग मांजर, मग छत्री. मोठ्या पडद्यावर त्यांना सगळं नीट दिसत होतं आणि ते शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबासमोर उभ्या केलेल्या हुशार मुलासारखे कंटाळून उत्तरं देत होते. गुलाबाच्या चित्राशी मात्र ते थांबले. त्याच्याकडं बोट दाखवलं, आणि मग तोंड वाकडं केलं. नक्षी पसंत नव्हती. लेक तिकडं हसता हसता रडायला लागली.

मी मॅडमना मागावरच्या खुणांचं सांगितलं आणि दुपारी काय झालं तेही, माझा मूर्खपणा धरून. त्यांनी काकांनाच विचारलं, "काका, तुम्ही यांना सांगत होता का, पलीकडं बघा म्हणून?" काकांनी त्यांच्याकडं बघून एकदाच मान हलवली. "यांचे शब्द अडकलेत, सुरुवातीला हो-नाहीची मानसुद्धा गोंधळते," मॅडम म्हणाल्या, "समज अडकलेली नाही. आपण थांबवत नाही आहोत. त्या खुणा मला लिहून पाठवा, आपण तिथूनच सुरू करू."

पडदा बंद झाला. मला वाटलं काकू आनंदानं काही बोलतील, चहा टाकतील. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडावरचा रंगच उडाला होता.

"म्हणजे समदं ऐकू येत होतं त्यान्ला," त्या म्हणाल्या. "कळत होतं समदं."

"हो काकू."

"दोन महिने?"

मी मान हलवली.

"मी त्यांच्या म्होरंच बसून बोलत होते ओ ताई. येईल त्या बाईला सांगत होते. ह्यांच्यात आता काई ऱ्हायलं न्हाई म्हणून. परवा शेजारची आली तर तिला म्हणले, देवानं न्हेलं तर सुटतील बिचारे." त्यांनी पदर तोंडात धरला. "हितंच बसलेवते की ते. मी त्यांचं डोकं पुसत पुसत म्हणले ते."

त्या काकांकडं बघू शकत नव्हत्या. काका त्यांच्याकडंच बघत होते. त्यांनी डावा हात उचलला. मला वाटलं पुन्हा दोन बोटं येणार. पण त्यांनी अंगठ्यावर तर्जनी ठेवली आणि सावकाश चोळली. काकूंना दिसलं नाही तसा हात आणखी वर केला आणि पुन्हा चोळली.

ती खूण मला सांगायची होती. सातवीतल्या त्या ताटासमोर मी जशी खाली मान घालून बसले होते तशी आता बसायची माझी इच्छा नव्हती.

"काकू, तिकडं बघा," मी म्हणाले. "ते तुमच्याशी बोलतायत. मागावर धागा तुटला की असं करतात. धागा तुटलाय, जोडून घे, आणि माग चालू कर. एवढंच म्हणतायत ते."

काकूंनी पदर खाली घेतला. त्यांनी काकांच्या हाताकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं. लग्न होऊन या घरात येऊन चाळीस वर्षं झाली असतील, पण कारखान्यात त्यांचं काम कधी नव्हतं, तिथली खूण त्यांनी कधी केली नव्हती. त्या खुर्चीसमोर खाली बसल्या आणि त्यांनी हात पुढं करून बोट चोळलं. चुकीचं. अंगठा मधल्या बोटावर आला.

काकांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी काकूंचा हात धरला, मधलं बोट बाजूला केलं, आणि तर्जनी उचलून अंगठ्यावर नीट ठेवून दिली.